खोटकलेलं युनिट आणि खरा काटा

आमच्या वीजघरातलं सगळ्यात जुनं युनिट तरुण होतं, तेव्हा ते चालू असताना त्याच्या बेअरिंगवर नाणं उभं केलं तरी पडत नसे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमचे फोरमन तर तिथे भरलेली बशी ठेवून चहा प्यायचे, आणि एकदा त्याच बेअरिंगवर डोकं टेकून घोरलेही. हे मी पाहिलेलं नाही, पण तीस माणसांना पटवून दिलंय.

पुढे युनिट म्हातारं झालं. इतकं थरथरायला लागलं, की बडोद्यात तरसालीला माझ्या घरी मांडणीवरचे डबे आपोआप जागा बदलत. साखरेच्या डब्यात हात घातला की हळद.

बायको म्हणायची, "युनिटला कशाला बोल लावता? डबे तुम्हीच कुठेही ठेवता."

मी इन्स्ट्रुमेंट खात्यात. म्हणजे दाब, तापमान, कंपन दाखवणारी जेवढी म्हणून मीटरं, त्यांचा वैद्य मी. पण या वैद्याचं नशीब असं, की मशीन आजारी पडलं की पहिली शिवी मीटरला. वाफेचा दाब उतरला? मीटर खोटं. बेअरिंग तापलं? मीटर खोटं. धुराडं कोसळलं असतं तरी आमच्या गुजराती साहेबांनी ढिगाऱ्यातून मान वर काढून मला विचारलं असतं, "मीटर जोयुं के, भाई?" म्हणजे, मीटर बघितलंस का.

शेवटी वरून हुकूम आला. युनिट पूर्ण भारावर चालवून पाहायचं. कंपनाचा काटा लाल रेघेच्या खाली राहिला तर युनिट राहील, नाहीतर भंगारात. युनिट भंगारात म्हणजे आम्ही त्याच्यावरचे सगळे बाहेरगावी. माझं नाव कच्छच्या टोकाला लागलं होतं. बायको बडोद्यातच मांडवीजवळच्या शाळेत मराठी शिकवायची. अशी शाळा कच्छात कुठून मिळायची? ती बडोद्याला, मी वाळवंटात, असा संसार आम्हाला दिसायला लागला होता.

चाचणीला पुण्याहून एक तज्ज्ञ आले. गृहस्थ मराठी, म्हणून साहेबांनी मला त्यांच्या शेजारी उभं केलं. मीटर मी आदल्या दिवशीच तपासलं होतं, तेही देवाची मूर्ती पुसावी तसं. भार चढायला लागला. काटा आधी सभ्यपणे वर गेला, मग जरा घाईने, आणि मग लाल रेघ ओलांडून असा बसला, की जणू सासुरवाडीला आलाय.

"शुं थयुं?" साहेब माझ्या कानात ओरडले.

टर्बाइनच्या त्या गर्जनेत मी जीव खाऊन ओरडलो, "खोटकलंय, साहेब! खोटकलंय!"

पुण्याचे तज्ज्ञ एकदम खुलले. "खोटं आहे? मग बदला की मीटर! घाबरवलंत उगाच."

आता बडोद्याच्या मराठी घरात गाडी खोटकते, पंखा खोटकतो, सासऱ्यांचा गुडघासुद्धा खोटकतो. बिघडलं, अडून बसलं, एवढाच त्याचा अर्थ. शब्द गुजरातीतून आमच्याकडे राहायला आला आणि घरचा झाला. पुण्याला त्याचा पत्ताच नव्हता. मी समजवायला तोंड उघडलं, पण तोवर भार उतरवायला सांगून झालं होतं, स्टोअरमधून नवं मीटर निघालं होतं, साहेब माझ्या पाठीवर थापा मारत होते आणि कुणीतरी सगळ्यांसाठी सेव-उसळ मागवली होती. एवढ्या आनंदात मलाही वाटायला लागलं, काय सांगावं, खोटंही असेल! कालचा माझा हात चुकला असेल. आपला हात चुकलेला असावा म्हणून नवस बोलणारा मेकॅनिक तुम्ही पाहिलाय? मी बोललो. सेव-उसळ खाता खाता बोललो.

नवं मीटर लागलं. पुन्हा भार चढला. नव्या मीटरचा काटा जुन्याच्याही पुढे गेला. तज्ज्ञांनी आपल्या पेटीतलं हातात धरायचं यंत्र काढलं आणि स्वतः बेअरिंगला लावलं. त्यानेही तेच सांगितलं. त्यांनी हात वर केला आणि युनिट बंद झालं.

आवाज उतरत गेला, तशी आम्हाला एकमेकांची बोलणी ऐकू यायला लागली.

"तुम्ही तर मीटर खोटं म्हणालात," तज्ज्ञ म्हणाले.

मी अर्थ सांगितला.

"मग मशीन बिघडलंय असं सरळ सांगायचं ना!"

"सरळच सांगितलं, साहेब."

"अजब आहे तुमचं मराठी."

मला खोटं लागलं. म्हणजे वाईट वाटलं. तेही त्यांना समजवावं लागलं असतं, म्हणून मी नवं मीटर उतरवायला घेतलं.

घरी आलो तेव्हा बायको पोरांच्या निबंधाच्या वह्या तपासत होती.

"काय झालं हो?"

मी सुरू केलं: काटा असा उसळला, की काच फोडून छतात रुतला, साहेब शिडी लावून—

"किती वर गेला?"

"गेला," म्हटलं.

तिने पेनाचं टोपण लावलं. "कच्छचं पाणी खारट असतं का हो? तुम्हाला खारट पाण्याचा चहा चालत नाही."

मी कच्छ पाहिलेलं नव्हतं. न पाहिलेल्या गोष्टी तर मी तासन्‌तास सांगू शकतो. पण त्या दिवशी मी उठून चहा टाकला; साखरेच्या डब्यात साखरच निघाली.