एका दोरावर लिफ्ट टांगत नाहीत

आमच्या घरात प्रत्येक गोष्ट दोन आहे. कुलपाच्या किल्ल्या दोन, छत्र्या दोन, चष्मे दोन, टॉर्च दोन, आणि दुसऱ्या टॉर्चचे सेल वेगळ्या खणात. बायको तेवढी एकच, असं मी एकदा चारचौघांत म्हटलं. त्यावर आमचे हे अगदी गंभीरपणे म्हणाले, "त्या एकीतच दोघींचं वजन आहे." तेव्हापासून तो विनोद मी करत नाही.

ह्यांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लोकांचे जीव टांगणीला लावायचे आणि सुखरूप खाली उतरवायचे, हा ह्यांचा धंदा. कंपनीत ह्यांना सगळे ‘डबल’ म्हणत, कारण हे प्रत्येक नट दोनदा आवळायचे आणि मग तिसऱ्यांदा हात लावून बघायचे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे मला एका बारा मजली इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेले. लोक बायकोला बाग दाखवतात, ह्यांनी मला लिफ्टच्या मोटरची खोली दाखवली. ग्रीसचा वास, कानठळ्या बसवणारी घरघर, आणि त्यात हे आनंदाने ओरडून सांगतायत, "हे बघ, पाच दोर! खरं तर एकसुद्धा अख्खा डबा पेलेल. पण एका दोरावर लिफ्ट टांगत नाहीत!" मी "बरं" म्हटलं. माझी नवी साडी काळी झाली होती आणि मला घरी जायचं होतं.

तर अशा माणसाच्या हातून चूक झाली, आणि तीही कुठे, तर सख्ख्या बहिणीच्या आवाजाच्या बाबतीत.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. गाणं शिकवायच्या. त्यांचं घर रहदारीच्या रस्त्यावर, म्हणून क्लास पहिल्यापासून आमच्या पुढच्या खोलीत. गाताना आवाज असा, की मी स्वयंपाकघरात हातातलं काम विसरायचे. रागावताना मात्र तोच आवाज सुरीसारखा. स्वयंपाकघराकडच्या बोळाचं दार मी जरा उघडं ठेवलं, की तिथून ऐकू यायचं, "अगं ए, दार लाव!" वीस वर्षं, आठवड्यातून तीनदा. माझ्याच घरात, माझंच दार! मी ते लावायचे, पण असं आपटून, की शेजारणीलाही कळावं.

तीन वर्षांपूर्वी वन्संच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. तेव्हापासून त्या एक छोटी पांढरी पाटी आणि पेन गळ्यात अडकवून असतात. लिहिणंही बोलण्यासारखंच, तोडून. क्लास तिथेच संपला असता. पण ह्यांनी अनेक वर्षं दर आठवड्याला एक क्लास टेप करून ठेवला होता. तीनशेच्या वर कॅसेट. वर्षभर बसून ह्यांनी त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. पट्ट्या इतक्या चिकटल्या होत्या, की कितीतरी कॅसेट एकदा वाजल्या आणि तुटल्या. मग ह्यांनी एकेक ओळ कापून वेगळी केली. नावं आणि क्रमांक द्यायचं काम माझं. मी ग्रंथालयात नोकरी केलेली, वर्गवारी माझ्या हाडात आहे. चार हजार एकशे अठरा तुकडे झाले. मोठा अ‍ॅम्प्लिफायर आला, कमरेएवढे दोन स्पीकर आले, आणि क्लास पुन्हा सुरू झाला. वन्सं कॉम्प्युटरपाशी बसायच्या, कळ दाबायच्या, आणि त्यांचाच दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आवाज खोलीत ओळ म्हणायचा. शिकणारे ती उचलायचे. सूर चुकला, की वन्सं हात आडवा हलवून पुन्हा तीच कळ दाबायच्या.

कापताकापता त्यात ओरडणंही सापडलं. "सूर कुठे सांडलास?", "घाई कसली, बस चुकतेय का?", आणि अर्थातच "अगं ए, दार लाव!" ते टाकून द्यावं असं ह्यांचं म्हणणं, माझं तर होतंच होतं. वन्संनी पाटीवर लिहिलं, "कापलंत तर याद राखा." मग मी ‘ओरडा’ नावाचा वेगळा फोल्डर केला आणि सगळं त्यात भरलं. दाराचे एकूण सव्वीस तुकडे निघाले. त्या फोल्डरला वन्संनी क्लासमध्ये कधी हात लावला नाही, आणि मला त्याचं बरंच वाटायचं.

कॉम्प्युटरचं पोट भरलं म्हणून हे सगळं एका बाहेरच्या डिस्कवर होतं. वहीएवढी काळी डबी, स्पीकरच्या डोक्यावर ठेवलेली. उघडी वस्तू मला बघवत नाही. मी तिच्यासाठी लोकरीचं कव्हर विणलं, लाल किनारीचं.

आणि एका गुरुवारी, नऊ जण बसलेले असताना, ओळ अर्ध्यावर तुटली.

वन्संनी कळ दाबली. पुन्हा दाबली. स्पीकरमधून नुसती खरखर, पडद्यावर ‘डिस्क सापडत नाही’. एक नर्स होती, एक बसचालक, पोस्टातली एक कारकून. सगळे मान खाली घालून बसले. पहिल्यांदा आवाज गेला तेव्हा वन्सं बेशुद्ध होत्या. या वेळी त्या जाग्या होत्या आणि नऊ माणसं बघत होती. त्यांनी पाटीवर लिहिलं, "क्लास बंद. कायमचा." पाटी सगळ्यांना नीट दिसेल अशी फिरवली, चपला घातल्या आणि गेल्या.

ह्यांनी डिस्क उचलली आणि चटका बसून परत ठेवली. मी म्हटलं, "अहो, दुसरी कॉपी असेलच ना? तुमची?"

"आहे की," हे म्हणाले. मग ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कॉपी होती. ‘मूळ’ नावाचा एक फोल्डर, ‘दुसरा’ नावाचा दुसरा. दोन्ही त्याच डिस्कवर.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी बोलून गेले, "म्हणजे दोन दोर लावले आणि दोन्ही एकाच खिळ्याला बांधलेत!"

हे स्टुलावर बसले. एकतीस वर्षांत ह्यांच्या कुठल्याही लिफ्टने कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. ह्यांचा चेहरा पाहून मला जीभ चावावीशी वाटली, पण बोलले ते बोलले होते. थोड्या वेळाने हे उठले आणि वन्संच्या घरी गेले. "ताई, पंधरा दिवस दे," म्हणाले. वन्संनी दारातूनच पाटी दाखवली: "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेलो. बाईंनी स्क्रू काढले, डबी उघडली, नाकापाशी नेऊन वास घेतला. "डबीतलं सर्किट भाजलंय. आतली डिस्क वाचली असावी. पण एवढी तापली कशी? वर काही झाकलं होतं का?"

लोकरीचं कव्हर माझ्या पिशवीत होतं. मी जमिनीकडे बघत राहिले.

"स्पीकरवर ठेवली होती मी," हे लगेच म्हणाले. "हादरेही बसत होते. चूक माझीच."

बाईंनी डिस्क सोडवून उघड्या स्टँडला लावली, तिच्या तोंडावर टेबलफॅन सोडला आणि नव्या डिस्कवर उतरवायला सुरुवात केली. दुकानातल्या बाकावर आम्ही दिवसभर बसून होतो. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. मध्येच ती थांबायची, आणि हे माझा हात धरायचे. लग्नानंतर इतक्या वेळा ह्यांनी माझा हात धरलेला मला आठवत नाही. संध्याकाळी पाच वाजता बाई म्हणाल्या, "चार हजार एकशे सात." अकरा गेले. मी माझी यादी काढून क्रमांक जुळवले; त्यांतल्या नऊ ओळी दुसऱ्या तुकड्यांतही होत्या, दोन मात्र गेल्याच. पण चार हजार एकशे सात! माझा जीव भांड्यात पडला. हे मात्र हसले नाहीत. "आता नीट टांगू," एवढंच म्हणाले.

पुढचे बारा दिवस घरात लिफ्ट कंपनी अवतरली. पहिल्यांदा ह्यांनी दोन डिस्क मावणारी पेटी आणली. जे लिहायचं ते दोन्हींवर एकदमच लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी गाडा ओढते. पेटीला भिंतीतून स्वतःची वीज. "कॉम्प्युटरच्या ताटातलं उष्टं खायचं नाही," असं ह्यांनी तिला बजावलं. जागा बोळातल्या फळीवर, स्पीकरपासून लांब, म्हणजे हादरे नाहीत आणि पेटीच्या पंख्याचा आवाज क्लासमध्ये नाही. खाली जाड रबराचे तुकडे. कुठल्या जुन्या मोटरखालचे ते मी विचारलं नाही. वायर मध्ये कुठेही न जोडता थेट कॉम्प्युटरच्या पाठीत. वीज गेली तर सगळं नीट बंद करायला वेळ मिळावा म्हणून बॅटरी. काम नसलं की डिस्क आपोआप झोपी जाते आणि मग पहिली ओळ उशिरा येते, तेही ह्यांनी शोधून बंद केलं.

आणि एवढ्यावर हे थांबतील? तिसरी डिस्कही आणली. दर रविवारी तिच्यावर सगळं उतरवायचं आणि ती वन्संच्या कपाटात नेऊन ठेवायची.

"आता ही कशाला?" मी विचारलं.

"पेटीतल्या दोन्ही डिस्क एकाच छपराखाली आहेत. चुकून काही पुसलं, तर दोन्हींवरून पुसलं जाईल. हा घराबाहेरचा दोर. आगीपासून, पाण्यापासून," हे म्हणाले, आणि स्क्रू फिरवताफिरवता पुढे, "आणि लोकरीपासून."

म्हणजे ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी आत जाऊन बराच वेळ भांडी विसळत बसले. नंतर तेच कव्हर मी तिसऱ्या डिस्कला घातलं. ती कपाटात बंदच असते, तापत नाही. ह्यांनी ते दोनदा तपासलं आणि परवानगी दिली.

माझ्याकडे एक काम आलं. ग्रंथालयात आम्ही वर्षाकाठी पुस्तकं मोजायचो, कारण यादीत असलेलं पुस्तक कपाटात असतंच असं नाही. तशी मी प्रत्येक डिस्कवरची यादी जुळवली आणि कुठलेही पन्नास-पन्नास तुकडे उघडून शेवटपर्यंत ऐकले. हे म्हणाले, "तू कंपनीत असतीस तर माझी साहेब झाली असतीस." ह्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

पंधराव्या दिवशी नऊच्या नऊ जण आले. वन्संही आल्या, पण पाहुण्यासारख्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. "ताई, वजन घालून बघितल्याशिवाय लिफ्ट पास होत नाही," हे म्हणाले. "तू फक्त शिकव. बाकी माझ्यावर सोड."

वन्सं नाखुशीनेच कॉम्प्युटरपाशी गेल्या. कळ दाबली. आवाज आला, भरदार, स्वच्छ. नऊ जणांनी ओळ उचलली. दुसरी ओळ, तिसरी ओळ. वन्संचा हात हळूहळू हवेत फिरायला लागला. चौथी ओळ सुरू झाली तसे हे उठले आणि बोळात गेले. मी मागे गेले. ह्यांनी पेटीचं झाकण उघडलं आणि दोनपैकी एक डिस्क सरळ ओढून बाहेर काढली.

"अहो!" मी ह्यांची बाही धरली.

पेटीवर लाल दिवा लागला. पुढच्या खोलीत वन्संचा आवाज ती लांब ओळ म्हणत होता. म्हणतच राहिला. कणभरही हलला नाही.

हे ती डिस्क हातात धरून खोलीत गेले, ओळ संपेपर्यंत थांबले, आणि सगळ्यांसमोर डिस्क वर धरली. "ताई, हा तुझा एक दोर मी आत्ता तोडला. आणि तू गातेयस!"

बसचालकाने पहिली टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मीही बोळातून वाजवत होते. वन्सं एकदा डिस्ककडे बघत, एकदा स्पीकरकडे. मग त्यांनी पाटी उचलली. "परत लाव, वेड्या. क्लास चालू आहे."

हे इतके मोठ्याने हसले, की मीच चपापले. डिस्क परत बसवायला आम्ही बोळात आलो, तर एक डिस्क काढल्याबद्दल पेटी टीट-टीट करून ओरडायला लागली होती. बोळाचं दार सताड उघडं. तो आवाज थेट क्लासमध्ये जात होता.

पुढच्या खोलीत सगळे गप्प झाले. वन्संनी काहीतरी शोधलं असावं, कारण क्षणभर नुसते माउसचे टिकटिक आवाज आले. आणि मग कमरेएवढ्या दोन्ही स्पीकरमधून, घर दणाणून जाईल असा:

"अगं ए, दार लाव!"

तीन वर्षांनी वन्सं माझ्यावर ओरडल्या होत्या. बाहेर सगळे हसत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन पेटीकडे तोंड वळवलं. मला समोरचं नीट दिसेना, मी पदराने डोळे पुसले.

"लावते हो, वन्सं," मी म्हटलं, आणि न आपटता दार लावलं.