पाठीवरच्या लालीचा प्रश्न

कुमुदिनीबाईंच्या सरावप्रश्नांतल्या रोग्यांना नाव नसे, पण घरदार असे. ‘खाट अकरा. निवृत्त पोस्टमन. इन्सुलिन घेतलं, पण मुलगा डबा आणेल म्हणून खायचा थांबला. आता घाम फुटलाय, असंबद्ध बोलतोय. आधी काय कराल?’ खाली चार पर्याय. छत्तीस वर्षं दिल्लीच्या सरकारी वॉर्डांत काढून गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये निवांत झालेल्या या सिस्टरना पुस्तकातले प्रश्न फिके वाटत.

प्रश्न काढायचे ते एकाच मुलीसाठी. खालच्या मजल्यावरची मयुरा, सव्वीस वर्षांची, दिल्लीतच वाढलेली नर्स. परदेशात नोकरीसाठी लागणाऱ्या परवान्याच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची, आणि ती नऊ दिवसांवर आली होती.

“मावशी, मला सगळं येतं. बस पेपरमध्येच गडबड होते.”

“आमच्या मंत्रालयातही फायलींची ‘बस, गडबड’च व्हायची,” बाईंचे यजमान सूर्यकांत वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले.

त्या शनिवारचा सत्ताविसावा प्रश्न असा होता: अर्धांगवायू झालेल्या आजीबाई तीन आठवडे अंथरुणात, माकडहाडापाशी त्वचा लाल, दाबली तरी लाली जात नाही. मयुराने ‘ब’वर खूण केली: स्पिरिट आणि पावडर लावून चोळणे. बाईंनी समाधानाने बरोबर दिलं. रोग्यांच्या पाठी हा त्यांचा हातखंडा. नव्या मुलींना त्यांचे हात बघायला पाठवत.

मयुरा कागद घेऊन तशीच बसून राहिली.

“काय गं?”

“काही नाही.”

“बोल.”

“पुस्तकाप्रमाणे ‘ड’ बरोबर. कूस बदलून दाब काढायचा. लाल झालेलं चोळायचं नाही, आत आणखी इजा होते.”

“मग ‘ब’ का केलंस?”

“तुम्ही ‘ब’ म्हणाल असं वाटलं.”

बाईंनी पुस्तक मागवलं. ते पान बोट फिरवत दोनदा वाचलं. मग मयुराच्या क्लासमधल्या सराव परीक्षांचे कागद मागवले आणि चुकलेली उत्तरं एकेक करून पाहिली. एका प्रश्नात डॉक्टरांनी दहापट डोस लिहिला होता. मयुराचं उत्तर: लिहिल्याप्रमाणे द्यावा.

“डोस चूक आहे हे कळलं होतं?”

“बिल्कुल.”

“मग?”

“डॉक्टरांनी लिहिलं होतं ना, मावशी.”

अशी अकरा उत्तरं निघाली. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून, वरच्याला काय आवडेल ते मयुराने लिहिलं होतं.

ती गेल्यावर बाई टेबलावर हात ठेवून बसल्या. सूर्यकांतांनी न सांगता चहा ठेवला.

“तेव्हाची पुस्तकंच तशी होती.”

“हो. पण पाठी माणसांच्या होत्या,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मयुरा आली तेव्हा कागदावर एकच प्रश्न होता. ‘वॉर्डच्या मोठ्या सिस्टर, छत्तीस वर्षांचा अनुभव. तुमच्यासमोर आजीबाईंची लाल झालेली पाठ चोळायला घेतात. आधी काय कराल? अ: त्यांना स्पिरिटची बाटली द्याल. ब: गप्प राहाल. क: नंतर मैत्रिणीला सांगाल. ड: त्यांना थांबवाल.’

मयुराने पेन उचललं, खाली ठेवलं.

“मावशी, तुम्हाला राग येईल.”

“येईल. तू उत्तर लिही.”

“तुमच्या वॉर्डमध्ये मी हे बोलले असते तर?”

“ओरडले असते तुझ्यावर. सगळ्यांसमोर.”

“अच्छा,” मयुरा म्हणाली. तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. तिथून काही कळेना. एरवी भुवई जरा हलली की उत्तर सापडायचं. आज बाई खिडकीतून समोरच्या इमारतीकडे पाहत होत्या. मयुराने मान खाली घातली, चारही पर्याय पुन्हा वाचले आणि ‘ड’वर खूण केली. जोरात, कागद थोडा फाटला.

बाईंनी बरोबर दिलं.

“आता ती चुकलेली अकरा घे,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे न बघता.”