अर्धा राहिलेला सिओने

तुफुंगा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी कातडीकडे. दोन हजार तेराला आम्ही मनुरेवात घर घेतलं. पहिल्याच दिवशी मी कुंपणावरून इथल्या माओरी रीतीनं नमस्काराचं ‘किया ओरा’ म्हटलं, तर हे माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत न्याहाळत उभे. मला रागच आला. मग म्हणाले, “चांगली आहे. शाई धरेल.” असला शेजार मिळाला म्हणून मी नवऱ्यावर चिडलेही होते. आज कुंपणापलीकडे कोणी नाही, आणि त्यात माझाही वाटा आहे.

तुफुंगा हे त्यांचं नाव नव्हे. सामोआत अंग गोंदणाऱ्या उस्तादाला तुफुंगा म्हणतात, आणि सगळा रस्ता त्यांना तसंच हाक मारायचा. पुरुषाचं अंग कमरेपासून गुडघ्यापर्यंत ते गोंदायचे, तेही मशीनशिवाय. एका हातात दातेरी फणी, दुसऱ्यात ती ठोकायची काठी. दोन पुतणे कातडी ताणून धरायचे. गराजमधून टकटक ऐकू आली की आम्ही समजायचो, आज कोणीतरी चटईवर आडवा पडलाय. मी दवाखान्यात नर्स. हातमोजे कुठले घ्यावेत, फण्या निर्जंतुक कशा कराव्यात, हे विचारायला ते माझ्याकडे येत. मला हाकही ‘नर्स’ अशीच मारत.

अभिमानाचं तर विचारूच नका. ताहिती म्हणा, हवाई म्हणा, इथले माओरी म्हणा, “सगळ्यांच्या पूर्वजांच्या होड्या आमच्या किनाऱ्यावरून सुटल्या” हे ठरलेलं. माझी लेक एकदा म्हणाली, “तुफुंगा, थालीपीठसुद्धा तुमच्याकडूनच?” तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “नाही. ते अजून आमच्यापर्यंत पोचायचंय,” आणि बशी पुढे केली.

सगळ्यात लाडकी गोष्ट टोंगाच्या राजाची. त्याचं रक्त इतकं पवित्र की त्याच्या देशात कोणाला ते काढण्याची मुभा नव्हती. मग समुद्र ओलांडून तो सामोआत आला आणि यांच्या पूर्वजांपुढे आडवा झाला. “रडला राजा,” तुफुंगा आवाज खाली आणून सांगत, “पण पूर्ण करूनच गेला.” पुढे मिशनऱ्यांच्या काळात टोंगातली ही विद्या बुडाली, सामोआत टिकली. म्हणून सिओने दारात उभा राहिला तेव्हा म्हाताऱ्याला काय करू नि काय नको असं झालं. सिओने टोंगाचा, आमच्याच रस्त्यानं बस चालवणारा. त्याच्या घरात कित्येक पिढ्यांत कोणी गोंदलेलं नव्हतं. “बघ नर्स,” तुफुंगा मला म्हणाले, “पुन्हा आले आमच्याकडे.”

पाठ झाली, डावा पाय झाला. उजवी मांडी आणि पोट उरलं होतं. त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं, तुफुंगा चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. उजवा हात थरथरत होता, बोलताना एखादा शब्द अडकत होता. मी म्हटलं, “डॉक्टरकडे चला.”

“डॉक्टर थांब म्हणेल.”

“थांबायलाच हवं. उद्या फणी खोल गेली तर?”

“सिओने अर्धा आहे, नर्स. अर्धं गोंदण म्हणजे त्याची लाज, त्याच्या मुलांची लाज. मला एक महिना दे. कोणाला सांगू नकोस.”

मी ‘बरं’ म्हणून मान हलवली. आणि घरी येऊन जवळच टाकानिनीला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला फोन केला. आपल्याकडे शेजारधर्म म्हणजे हेच, म्हाताऱ्या माणसाचं त्याच्या लेकीला कळवायचं. ती संध्याकाळीच आली, फण्या-काठ्या गाडीच्या डिकीत टाकून घेऊन गेली. जाताना मला मिठी मारून म्हणाली, “यू डिड द राइट थिंग.” तुफुंगा दारात उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं नाही, तोंडाकडे पाहिलं. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

तीन आठवड्यांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आलाच. म्हणजे मी बरोबर होते. या बरोबर असण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या तुफुंगाकडे जा, असं पुतण्यांनी सिओनेला परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, “ज्यांनी सुरू केलं तेच पूर्ण करतील.” हॉस्पिटलात तो रोज यायचा. एकदा मी काचेतून पाहिलं, त्यानं लुंगी वर सारून कोरी मांडी पलंगाला टेकवली होती आणि त्यावर म्हाताऱ्याचा हात ठेवला होता. हात ठोकल्यासारखा हलत होता. बोटांत काहीच नव्हतं. मी आत गेले नाही.

अंत्यविधी फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात झाला. तुफुंगांनी गोंदलेले सगळे पुरुष उघड्या अंगानं, लुंग्या वर खोचून, शवपेटीभोवती उभे राहिले. कमरेपासून गुडघ्यापर्यंत त्यांचीच नक्षी. मुलीनं त्या फण्या पेटीत त्यांच्या उजव्या हाताशी ठेवल्या. सिओने पार मागे, भिंतीला टेकून उभा होता. त्या उकाड्यातही त्यानं घोट्यापर्यंत पँट घातली होती.

त्याच्या बसनं मी अजून कामावर जाते. तो “मॉर्निंग, नर्स” म्हणतो. मी कार्ड टेकवते आणि मागच्या सीटवर जाऊन बसते. त्याच्या धाकट्या मुलानं उन्हाळ्यात माझ्या लेकीला सांगितलं, डॅड आता आमच्याबरोबर पाण्यात उतरत नाही.