सात पाण्यांची टेगवेन

टेगवेन प्रोसरच्या लेव्हरमध्ये वाळू सापडत नाही, यावर गावाचा बायबलच्या खालोखाल विश्वास होता. लेव्हर म्हणजे खडकांवरची काळी शेवाळ. सात पाण्यांत धुवायची, दिवसभर शिजवायची, आणि शेणासारखी दिसू लागली की समजायचं, जमली. मग ओटच्या पिठात घोळवून डुकराच्या चरबीत वड्या तळायच्या. एक मार्चला, वेल्सच्या संत डेव्हिडच्या सणाला, चॅपेलात होणाऱ्या न्याहारीचं पातेलं एकतीस वर्षं तिच्याचकडे होतं. नवरा मेला त्या वर्षीसुद्धा ते तिने सोडलं नव्हतं.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. तिसऱ्या पाण्यानंतर तिने पाण्याकडे पाहिलं, पाण्याने तिच्याकडे, आणि एवढं पुरे, असं दोघांनी मिळून ठरवलं.

न्याहारीला पाद्रीसाहेबांनी पहिला घास घेतला. 'कर्र' शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. सगळे पातेल्याकडे बघू लागले.

टेगवेनची नजर शेजारच्या परातीवर गेली. त्यातले शिंपले तिच्या नणंदेने, केनवेनने, आणले होते.

"शिंपल्यांत राहतेच हो वाळू," टेगवेन मायेने म्हणाली. "आमच्या वन्सं तरी बिचाऱ्या किती धुणार?"

"पण मी शिंपले घेतलेच नाहीत," पाद्रीसाहेब म्हणाले. "मला सोसत नाहीत." खरं बोलण्याची त्यांना धंद्यामुळे सवय होती.

पातेल्यावर केनवेनचा डोळा एकतीस वर्षं होता. तिने सावकाश चमचा खाली ठेवला.

"वाळू कसली, साहेब? तुमची नवी कवळी आहे ती. बसेपर्यंत करकरायचीच."

हे खोडून काढायचं तर कवळी काढून दाखवावी लागली असती. पाद्रीसाहेबांनी उरलेली वडी न चावता गिळली.

भांडी घासताना केनवेन हळूच म्हणाली, "किती पाणी?"

"सात."

"वहिनी."

"तीन."

"पुढच्या वर्षी धुणं माझ्याकडे."

"धुवा हवं तर. पातेलं हलायचं नाही."

पुढच्या फेब्रुवारीत केनवेन बादली घेऊन टेगवेनच्या परसात हजर झाली. टेगवेन स्टुलावर बसून मोठ्याने पाणी मोजत होती, शेजारणींना ऐकू जाईल असं. चौथ्या पाण्याला केनवेन कंबर धरून उभी राहिली. तिनेही साठी ओलांडली होती.

पाचवं पाणी ओतलं गेलं.

"सात," टेगवेन म्हणाली.

केनवेनने बादली पालथी घातली.