उलटा कूलर

कूलरमामूंच्या मते जगात वस्तू दोनच प्रकारच्या होत्या. एक कूलर, आणि दुसऱ्या कूलर होता होता राहिलेल्या. माणूससुद्धा त्यांच्या लेखी चालताबोलता कूलरच होता. छाती म्हणजे गवताची जाळी, काळीज म्हणजे पंप आणि पोट म्हणजे टाकी. आमच्या कॉलेजचे प्राचार्य एकदा मला सोडायला दारापर्यंत आले होते. मामूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या सायबाचा पंखा मोठा हाय, पन टाकीत पानी नाई." पुढे बरीच वर्षं त्या प्राचार्यांच्या हाताखाली काढल्यावर मी एवढंच म्हणेन की मामूंचं निदान सहसा चुकत नसे.

अमरावतीत नोकरी लागली तेव्हा मी मामूंच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली. खाली पुढे त्यांचं दुकान आणि मागे घर. होळीच्या आधीपासून दुकानात पत्रे कापायचा आणि ठोकायचा जो आवाज सुरू होई तो पावसाळ्यापर्यंत थांबत नसे. मी अकोल्याची आहे हे कळल्यावर मामूंनी खोली दाखवायच्या आधीच चहा मागवला होता. अमरावती जास्त तापते की अकोला, यावर आमच्याकडे दोन्ही गावांची माणसं अगदी अभिमानाने भांडतात. मामू अमरावतीचे असून अकोल्याच्या बाजूने होते. "अकोल्याची गरमी म्हंजे खानदानी गरमी," ते म्हणत. "आमच्या अमरावतीची मेहनत करून आनलेली."

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मुमानी म्हणायची. मुमानी म्हणजे हाताला चव असलेली आणि जिभेला धार असलेली बाई. त्यांची सांबारवडी खाऊन मी पहिल्याच महिन्यात खानावळीचा डबा बंद केला. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ढीगभर सांबार, खोबरं, खसखस, तिखट, हे सगळं बेसनाच्या पातळ पोळीत गुंडाळून तळायचं. तळण्याच्या दिवशी मुमानी कढईपाशी कोणालाही उभं राहू देत नसत. मामूंना तर मुळीच नाही.

मग एका दिवाळीनंतर मुमानींच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी मामूंना समोर बसवून चित्र काढून समजावलं की रक्तवाहिनी अडली आहे, जाळी बसवावी लागेल. मामूंनी ते चित्र हातात घेतलं, नीट पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे पंप शाबूत हाय. पाइपात गाळ बसला." डॉक्टर म्हणाले, हो, तसंच. मग मामू निश्चिंत झाले. एवढं काम तर ते दर फेब्रुवारीत करत होते.

ऑपरेशन नीट झालं, पण घरी आलेल्या मुमानी वेगळ्याच होत्या. तेल बंद, तळण बंद आणि गॅसपुढे उभं राहणंही बंद. खिडकीखालच्या पलंगावर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. सकाळी मामू काहीतरी उकडून आणायचे, त्यांनी एक घास घेऊन ताट सरकवायचं आणि मामूंनी ते उचलायचं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. भांडणंही बंद झाली. त्या घरात भांडण नाही म्हणजे काय हे मी वर राहून ऐकत होते, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मला त्याची भीती वाटायला लागली होती.

मुलगा इरफान पुण्याला कंपनीत होता. गुणी मुलगा. त्यानं बिनतेलाचं तळायचं मशीन पाठवलं, एअर फ्रायर, आणि फोनवर स्पष्ट सांगितलं, "अब्बा, उन्हाळ्यापर्यंत पाहतो. अम्मीचं वजन नाही वाढलं तर दोघांनाही पुण्याला घेऊन येणार. दुकान बंद." मामू फोन ठेवून पायरीवर येऊन बसले. मग मला म्हणाले, "पुन्यात मी काय करू मॅडम? तिथं हवा फुकटात येते. कूलर कोन घेते?"

मशीन आलं. मामूंनी ते चालवून पाहायच्या आधी खोलून पाहिलं. आतला पंखा दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ह्याच्यात काय भेव? कूलरच हाय हा. उलटा कूलर!"

इथून पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं. कूलर म्हटल्यावर टाकीत पाणी हवं, नाही तर पंप जळतो. मामू रोज सकाळी मशीनच्या खालच्या भांड्यात लोटाभर पाणी ओतत. त्यामुळे अंडी फार छान उकडली जात आणि बाकी प्रत्येक पदार्थ पाटवडीसारखा ओला होऊन निघे. पाणी बंद करा म्हणून मी कसंबसं पटवलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यात कोरडे पोहे टाकले. पंखा फिरला तसे पोहे आतल्या आत उडाले, वरच्या तारेला चिकटले आणि जळाले. भांडं उघडलं तेव्हा त्यात चार शेंगदाणे तेवढे जागेवर होते. "वजनदार मानूसच टिकते," मामू म्हणाले आणि ते शेंगदाणे बशीत घालून मुमानींपुढे ठेवले. मुमानींनी भिंतीकडे तोंड केलं.

मग मामूंना शोध लागला की चूक मशीनच्या जागेत आहे. कूलरला मागून मोकळी हवा लागते. खोलीत कोंडला तर खोलीत उमस होते, हे वऱ्हाडात लहान पोरालाही कळतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक घराच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँड असतो, त्यावर कूलर बसतो, त्याची पाठ गल्लीकडे आणि तोंड घरात. थंडीत कूलर धुऊन गच्चीवर जातात आणि स्टँड रिकामे राहतात. मुमानींच्या पलंगावरच्या खिडकीबाहेरचा स्टँडही रिकामाच होता.

मी कॉलेजातून आले तर स्वयंपाकघरातलं मशीन घराबाहेर लटकत होतं. पाठ गल्लीकडे आणि पदार्थ ठेवायचा खण घरात. वर पत्र्याचं छप्परसुद्धा होतं. मामूंनी दुकानातून नवी वायर आणली होती. मी म्हटलं, "मामू, हे असं ठेवत नाहीत." ते म्हणाले, "मशीनच्या पुस्तकात लिवलं हाय मॅडम, मांगून जागा मोकळी सोडा. म्या अख्खी गल्ली सोडली."

मी पुस्तक काढून पाहिलं. पुस्तकात तसं लिहिलेलं होतं खरं.

दुसऱ्या दिवशी मामूंनी सांबारवडी करायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. वड्या बऱ्याचशा पायमोज्यांसारख्या दिसत होत्या. त्यांनी वरून बोटानं तेल लावलं आणि मशीन सुरू केलं. यंत्राच्या पाठीतून गरम वाफ गल्लीत जायला लागली. तिच्याबरोबर वासही गेला. आणि समोरच्या देशमुखकाकू देवळातून परत येता येता खिडकीखाली थबकल्या.

"मामू, काय होऊन राहिलं?"

"सांबारवडी."

काकूंनी मान वर करून हुंगलं. "असं? पन सांबार कमी पडला वाटते. वास नाई येऊन राहिला."

मी तेव्हा दारात उभी होते. पलंगावर हालचाल झाली. कितीतरी आठवड्यांत ज्या बाईनं 'हं' आणि 'नको' यापलीकडे शब्द काढला नव्हता, ती कोपरावर उठली आणि खिडकीतून गरजली, "सांबार कमी नाई पडला! या बुढ्यानं काड्या टाकल्या आन् पानं फेकली! माह्या घरात सांबार कमी पडन काय वो?"

"मंग तिखट तरी टाकलं का?" काकूंनी विचारलं.

"थांब, चाखून सांगते! चाखल्याबिगर सांगू कसं?" असं म्हणून मुमानींनी खण ओढला, वडी मोडली आणि तोंडात टाकली. मामू एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा मुमानींकडे. तिखटही कमी होतं. मीठ तर नव्हतंच. हे सगळं काकूंना तपशीलवार सांगण्यासाठी मुमानींनी दुसरी वडी खाल्ली.

त्या दिवसापासून गल्लीची सकाळ बदलली. येणारा-जाणारा खिडकीखाली थांबून वर विचारायचा आणि मुमानी पलंगावर बसून जबाब द्यायच्या. हळूहळू मसाला त्याच कालवायला लागल्या. मशीनला जाळ नव्हता, उभं राहावं लागत नव्हतं, मांडीवर परात घेऊन सगळं होत होतं. मामूंचं काम खण ओढणं आणि शिव्या खाणं एवढंच उरलं. डाळीचे वडे झाले, मेथीचे मुटके झाले, कालच्या पोळीचे कुरकुरीत तुकडेही झाले. काकू रोज काहीतरी खोट काढायच्या. मला नंतर वाटायला लागलं की त्या देवळात नुसती खोट आठवायला जात असाव्यात. आणि काकूंना खोटं पाडण्यासाठी मुमानी रोज खात होत्या. बांगड्या पुन्हा मनगटावर येऊन थांबल्या.

उन्हाळा तोंडावर आला तसा इरफान आला. रिक्षातून उतरताच त्याला आपण पाठवलेलं महागडं मशीन रस्त्यावर लटकताना दिसलं. तो हादरलाच. "अब्बा, वीज आहे ही! कोणी हात लावला तर? हे किचनमध्ये ठेवायचं असतं." मामूंनी प्लग काढून दिला. मुलगा शिकलेला होता आणि वजनाचा निकाल त्याच्या हातात होता. इरफाननं मशीन आत नेऊन ओट्यावर ठेवलं. सकाळी स्वतः पुस्तक वाचून वड्या केल्या, अगदी नीट, सोनेरी, आणि ताटात घालून अम्मीपुढे ठेवल्या. मुमानींनी एक वडी अर्धी खाल्ली. "अच्छी हाय," म्हणाल्या आणि ताट सरकवलं. मामूंनी ताट उचललं.

तेवढ्यात बाहेरून काकूंचा आवाज आला. "काहून वो, आज काईच नाई?"

मुमानी भिंतीकडे बघत राहिल्या. काकू थोडा वेळ थांबल्या आणि चपला ओढत गेल्या. इरफान ताटाकडे बघत होता, मग खिडकीकडे, मग त्या रिकाम्या स्टँडकडे. तो उठला, ओट्यावरची वायर गुंडाळली आणि मशीन उचलून पुन्हा खिडकीबाहेर नेऊन ठेवलं. परत जाताना फक्त एवढंच म्हणाला, "अब्बा, प्लग तेवढा चांगला लावा." पुण्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मग ऊन तापलं आणि नवाच पेच पडला. स्टँड एक आणि दावेदार दोन. अमरावतीत मे महिन्यात कूलरशिवाय पेशंट कसा ठेवायचा? आणि मशीन काढलं तर पेशंट खाणार कसा? मामू एक दिवस दुकान बंद ठेवून विचार करत बसले, तेही ऐन सीझनमध्ये. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्टँडवर दुसरा मजला चढवला. खाली कूलर, वर उलटा कूलर. खालून गार वारा, वरून वड्यांची वाफ. "खालून थंडी, वरून गरमी, मधात आमची बुढी," मामू गल्लीत उभे राहून सगळ्यांना दाखवत होते. लग्नातही माणूस इतका खूश दिसत नाही.

त्या पावसाळ्यात मामू गेले. दुपारी दुकानात जुन्या जाळीतलं गवत काढता काढता कलंडले. सीझन पूर्ण उरकूनच गेले, गिऱ्हाइकाला उन्हात टाकून जाणारा माणूस नव्हता तो. त्यांच्या स्वतःच्या पंपाकडे बघायचं आम्हा कोणालाच सुचलं नव्हतं. मी पुष्कळ रडले. आजही भर उन्हात कुठे पत्रा ठोकल्याचा आवाज आला की मी चालता चालता थांबते.

इरफान मुमानींना पुण्याला घेऊन गेला. या वेळी त्यांनी नाही म्हटलं नाही. मशीनही गेलं. पण तिकडे घर अकराव्या मजल्यावर, खिडकीबाहेर काही लावायला सोसायटीची मनाई, आणि लावलं तरी वास हुंगायला खाली थांबतंय कोण? महिन्याभरात इरफानचा फोन आला. "मॅडम, अम्मी खात नाही."

तेव्हापासून मी रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी फोन लावते. इरफान मशीन पलंगाशी ठेवतो आणि फोन मुमानींच्या कानाशी धरतो. मी नमस्कार-चमत्कार काही करत नाही. सरळ विचारते,

"मुमानी, काय होऊन राहिलं?"

पलीकडून बारीक आवाज येतो, "सांबारवडी."

"असं? पन सांबार कमी पडला वाटते."

मग मला, माझ्या कॉलेजला आणि सबंध अकोल्याला मिळून एक शिवी येते. मी फोन कानाला घट्ट धरून थांबते. पलीकडे खण ओढल्याचा आवाज होतो, आणि मग काहीतरी कुरकुरीत मोडल्याचा.