खिडकीवाला शोधणारा माझा साडू

२०२३ साली मी बाहत्तर वर्षांचा होतो. एवढ्या आयुष्यात संशयी माणसं पुष्कळ बघितली, पण खिडकी बसवणाऱ्यांवर माझ्या साडूइतका संशय घेणारा माणूस अख्ख्या मुंबईत नसेल. आमची खोली विक्रोळीत, खाडीच्या बाजूला. तिथे पाऊस आडवा येतो. लाकडी खिडकी कुजलेली, आणि पाणी थेट बायकोच्या खाटेवर. खाट हलवायला दुसरी जागा नाही. आदल्या वर्षी तिला न्यूमोनिया होऊन गेलेला, डॉक्टरांनी बजावलेलं की ओल नको. मी म्हटलं, नाक्यावरचा पहिला माणूस आणतो. साडू म्हणाला, "तू गप बस. तुला माणसं कळत नाहीत." मी तिसरीत शाळा सोडली हे तो तोंडाने कधी काढत नाही, पण बोलतो ते असं.

मग तीन आठवडे रोज सकाळी नऊला हा घाटकोपरहून आमच्या दारात. त्याची पद्धत ठरलेली. खिडकीवाल्याने आधी कुठे काम केलंय ते विचारायचं, त्या घरी जायचं, आणि त्यांच्याच घरातला तांब्या मागून घ्यायचा. एक काच सरकवून हात बाहेर काढायचा, बंद काचेवर पाणी मारायचं आणि आतली खालची पट्टी बोटाने चाचपायची. बोट ओलं झालं की माणूस बाद. मुलुंडच्या एका बाई म्हणाल्या, "काका, बाहेर पाऊस पडतोय ना, अजून पाणी कशाला?" हा म्हणाला, "पाऊस आज या बाजूने पडतोय. उद्याचा भरवसा काय?" प्रत्येक घर चौथ्या मजल्यावर कसं काय असायचं, देव जाणे. माझे गुडघे संपले. घाटकोपरच्या एका कारागिराला त्याने विचारलं, तुझ्या घरी कुठली खिडकी? तो म्हणाला, खोलीला खिडकीच नाही. साडूने त्याला चहा पाजला, भजी खाऊ घातली आणि बाद केला. "आधी स्वतःला एक लावून घे रे बाबा."

पाचवा माणूस भांडुपचा, तो मला पसंत होता. त्याच्या पट्टीवर एक थेंब सापडला. साडू आमच्या घरी येऊन नाही म्हणाला, तेव्हा बायको खाटेवर बसून खोकत होती, मांडीवर ओली गोधडी. खोकला थांबल्यावर म्हणाली, "भावोजी, एक थेंब चालेल मला. आता बादलीभर येतं."

साडूने गोधडीचं टोक हातात धरून बघितलं. मग भांडुपवाल्याला स्वतःच फोन लावला.

दोन दिवसांनी खिडकी बसली. त्या दुपारी पाऊस धो धो कोसळला आणि बायको कोरड्या अंथरुणात घोरत पडली. साडू स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होता. तिची बहीण, म्हणजे त्याची बायको, जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून घरात हा एकटाच. छत्री उचलत म्हणाला, "झालं बाबा तुझं काम. उद्या काय येत नाही मी."

मी थांब म्हटलं नाही. मला ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजले, सव्वानऊ झाले. मी फोन लावला. म्हटलं, "मोरीवरच्या खिडकीतून पाणी येतंय. माणूस बघायला लागेल."

ती खिडकी मी हातपाय धड होते तेव्हा माझ्या हाताने बसवलेली आहे. आजवर तिच्यातून थेंब आलेला नाही.

"कधीपासून येतंय?"

"तू ये आधी," म्हटलं, आणि चहाला दोन कपांचं पाणी ठेवलं.