कडक बुश आणि सूरजकुंडच्या वाटेवरची माकडं

दिल्लीतल्या मुनिरक्याहून निघालो तेव्हा रस्ता बोनेटपर्यंतच दिसत होता. पुढे सगळा कोहरा (इथे दाट धुक्याला हेच म्हणतात, आणि आता मीही). गाडी जुनी, आमच्या ह्यांच्या हौसेची. चालवायचे मात्र कायम मीच. हे डावीकडे बसून खिडकीबाहेर बघत. गेल्या वर्षी हे गेले, गाडी राहिली. आता त्यांच्या जागेवर वन्सं बसल्या होत्या. ह्यांच्या धाकट्या बहीण, पुण्याहून दिल्लीची थंडी बघायला आलेल्या.

जायचं होतं फरीदाबादला, मानेभाऊंच्या गॅरेजमध्ये. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायला लागली होती. मुलगा म्हणाला, नीट होत नसेल तर आई, गाडी बंद. आणि गाडी बंद म्हणजे माझं फिरणं बंद.

शिवाय ती वाजायची. प्रत्येक स्पीडब्रेकरवर डाव्या बाजूने, टक, टक-टक.

"दादा असंच दार वाजवायचा," वन्सं म्हणाल्या. "एकदा, मग दोनदा."

"वन्सं, ते रबर झिजलंय."

"असेल की. मी कुठे नाही म्हणते."

सूरजकुंडच्या पुढे अरवलीतला रस्ता लागतो. दोन्हीकडे कीकर (आपल्या बाभळीचा काटेरी भाऊबंद), आणि डाव्या हाताला जुन्या खाणींचे खोल खड्डे. इथे हे दर मंगळवारी डाव्या खिडकीतून माकडांना केळी द्यायचे. मारुतीचा वार म्हणून इकडे पुष्कळ लोक देतात. बंदीचा फलक आहे, त्याच्याच खाली उभं राहून देतात. हे गेल्यापासून मी केळी नेली नव्हती. त्या दिवशी मंगळवारही नव्हता.

स्पीडब्रेकर आला. टक, टक-टक.

धुक्यातून आधी कठडा दिसला, मग त्यावर ओळीने बसलेली माकडं. उड्या नाहीत, चीत्कार नाही. आमच्या पुढून एक गाडी गेली, तिच्याकडे कुणी मान वळवली नाही. सगळी तोंडं आमच्या डाव्या खिडकीकडे. एक म्हातारी माकडीण पिल्लू पोटाशी धरून उतरली ती थेट चाकासमोर. मी ब्रेक मारला. शेजारून कुणी खेचावं तसं स्टिअरिंग हातातून डावीकडे फिरलं, आणि गाडी कठड्याला टेकायची तेवढी राहिली.

वन्संचे दोन्ही हात मांडीवर होते. मी पाहिले ना.

मानेभाऊ मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झाल्यावर इथेच गॅरेज काढून बसले. त्यांनी आधी पराठे मागवले, मुळ्याचे, वर लोण्याचा गोळा. मग गाडीखाली शिरले.

"ताई, बुश गेले बघा," खालूनच म्हणाले. बुश म्हणजे चाकाला धरणारा लोखंडी हात गाडीला जोडतात तिथली रबराची जाड बांगडी. "ती फाटली की ब्रेकला हात मागं सरकतो, चाक फिरतं. भूत-बित काही नाही."

"भुताचं नाव कुणी काढलं?" वन्सं म्हणाल्या.

"तुमच्या तोंडावर दिसतंय की."

मग त्यांनी दोन तऱ्हेचे बुश समोर ठेवले. एक काळं रबर, पूर्वी होतं तसं मऊ. दुसरा पिवळा, कडक. "ह्यानं गाडी सरळ राहील, टिकेलही. पण रस्त्यातला खडा न् खडा हाताला कळणार, कमरेलाही. सगळीकडे नको, खालच्या लोखंडी हाताच्या मागच्या जोडात घालू. तेवढं बास."

"आणि काळं घातलं तर पुन्हा वाजेल का?" वन्संनी विचारलं.

"लगेच नाही. झिजलं की वाजणार."

"मग वहिनी, काळंच घ्या."

मी पराठा खाली ठेवला. "वन्सं, मला त्या खाणीत जायचं नाहीये. हे बोलवत असले तरी."

पिवळे बुश बसले. कामाचा पुरावा म्हणून मेकॅनिक लोक जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत देतात. मानेभाऊंनी फाटके बुश कागदात गुंडाळून दिले. वन्संनी ते मांडीवर घेतले.

परतताना ऊन होतं, चुन्याच्या निवळीसारखं. पाठीला खडे कळत होते. तोच स्पीडब्रेकर गेला, आवाज नाही. माकडं तिथेच कठड्यावर. एकानेही बघितलं नाही. ती म्हातारी माकडीण समोरून रस्ता ओलांडू लागली, मी ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी सरळ थांबली. माकडीण आमच्याकडे न बघता बंपरला घासून गेली. मला वाटलं होतं, आवाज गेला की हे जातील. इथे तर आम्ही दोघीच नसल्यासारख्या झालो होतो.

वन्संनी काच खाली केली. हात बाहेर काढून दारावर बोटाच्या पेराने वाजवलं. टक, टक-टक.

सगळ्या माना एकदम वळल्या. आमच्याकडे नाही. आमच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे.

"वहिनी," वन्सं हळू म्हणाल्या, "चला."

मी ब्रेक सोडला. गाडी सरळ गेली, अगदी हातात राहून.

वन्सं पुण्याला जाताना ते कागदाचं पुडकं घेऊन गेल्या. मी विचारलं नाही. कंबर दुखते, पण गाडी माझी मी चालवते, आणि मुलगा गप्प आहे. त्या रस्त्याने अजूनही जाते. फक्त कठडा मागे पडेपर्यंत आरशात बघत नाही.